सातव्या खणात कोण येत होतं?

वसंता,

शैलावहिनींचा फोन आला, "हे गेले" एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला ते तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, हा मला बोलावून घ्यायचा डाव आहे. आपण बोलत नव्हतो. माफी मागणं तुझ्या स्वभावात नव्हतं आणि बोलावल्याशिवाय येणं माझ्या. म्हणजे तू बायकोला फोन करायला लावणार, मी वाघोलीहून धापा टाकत कोथरूडला येणार, आणि तू दार उघडून म्हणणार, "आलास? चपला बाहेर काढ." रिक्षात बसल्यावरही हा संशय माझ्या मनात होता. नगर रस्त्यावर कुठेतरी तो गळून पडला आणि मग मला रडू आलं. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं आणि रिक्षा हळू केली.

संशय घ्यायला मी तुझ्याकडूनच शिकलो. दूधवाला पाणी घालतो यावर तुझा ठाम विश्वास होता. एकदा तू कुठूनसं ते दूध तपासून आणलंस आणि त्यात पाणी नाही असं निघालं. तेव्हापासून, हा पाणी का घालत नाही, याचा तुला संशय यायला लागला. सोसायटीच्या सचिवाने पाण्याच्या टाकीला नवं झाकण बसवलं तर तू जुनं झाकण कुठे गेलं म्हणून विचारलंस. लोक तुला तिरसट म्हणायचे. मला तसं वाटलं नाही. जे दिसतं त्याच्या मागे काहीतरी असतंच, असं तू मानायचास, आणि कामात त्याचा उपयोग व्हायचा. पिंपरीच्या कारखान्यात आपण संगणक विभागात होतो तेव्हा हिशेबाचा प्रोग्राम बरोबर उत्तर द्यायला लागला की सगळे घरी जायचे. तू मात्र तसाच बसायचास. "बरोबर का आलं ते कळू दे," म्हणायचास.

त्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी आलो तेव्हा तू विचारलंस, "कुठले आपण?" भंडाऱ्याचा, म्हणालो. मग आडनाव विचारलंस. तेही सांगितलं. तू म्हणालास, "बरं."

त्या 'बरं'चा अर्थ लावत मी बरेच दिवस काढले. आम्हा लोकांना ते करावंच लागतं. मग एका दुपारी तू माझ्या डब्यातली भाजी न विचारता ओढून घेतलीस, तिखट आहे अशी तक्रार करत करत संपवलीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा ओढलास. तेव्हा मी त्या 'बरं'चा विचार करणं सोडून दिलं. तू मला मिल्या म्हणायला लागलास. "काय करून राहिला रे मिल्या?" अशी माझी वऱ्हाडी नक्कलही करायचास. भंडारा वऱ्हाडात येत नाही, झाडीपट्टीत येतो, हे मी तुला किती वेळा सांगितलं. पुण्याच्या पलीकडे सगळं वऱ्हाडच, हे तुझं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

निवृत्तीनंतर ते यंत्र मिळालं, ते मला. वाघोलीतल्या एका बंद पडलेल्या संगणक क्लासच्या अडगळीत ते पडलं होतं. आपण कारखान्यात तरुणपणी वापरलं होतं तसलंच: पुढे दोन फ्लॉपीच्या चिरा, हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि आत सीपीएम ही विंडोज वगैरे येण्याच्या कितीतरी आधीची कार्यप्रणाली. माझ्या घरी जागा नव्हती म्हणून ते तुझ्या मागच्या खोलीत आलं. बुधवार पेठेत फिरून फिरून आपण त्याचे भाग जमवले. ज्या दिवशी ते पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी तू पडद्याकडे बघत म्हणालास, "चालू झालं. आता कुठे बिघडतंय ते बघू." तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी तुझ्याकडे. वहिनी पोहे करायच्या आणि आपण दोघं त्या खोलीत वाद घालायचो.

वाद एकच होता. खणांचा.

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या प्रणालीत एका फ्लॉपीवर सोळा खण पाडलेले असतात, शून्यापासून पंधरापर्यंत. एकच यंत्र अनेकांनी वापरायचं म्हणून केलेली ही सोय. ज्या खणात तुम्ही बसला आहात तिथल्याच फायली तुम्हाला दिसतात, बाकीच्या जणू नाहीतच. कुलूप मात्र कशालाच नाही. 'यूजर' टाइप करा, पुढे आकडा द्या, की तुम्ही दुसऱ्याच्या खणात. भिंत नाही, नुसता पडदा. तरीही एका खणातला प्रोग्राम दुसऱ्या खणातून चालत नाही. लिहायचा प्रोग्राम शून्यात असला तर तो शून्यात बसूनच चालवायचा, नाहीतर त्याची प्रत आपल्या खणात आणायची. प्रती केल्या की फ्लॉपीवरची जागा खाल्ली जाते, आणि जागा मुळातच चिमूटभर.

तू पहिला खण घेतलास, मी दुसरा. माझं म्हणणं होतं की पुढची आवृत्ती घालू. तिच्यात शून्यातल्या प्रोग्रामवर एक खूण केली की तो सगळ्या खणांतून चालतो, एकाच प्रतीवर सगळ्यांचं भागतं. तुला ते पटत नसे.

"शून्यात ठेवलं की सगळ्यांचं झालं," तू म्हणायचास. "आणि सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. उद्या कुणी बिघडवलं तर कुणाला धरायचं?"

"आपण दोघंच तर आहोत."

"म्हणूनच. दोघांत धरायला सोपं जातं."

मी तुला एकदा म्हणालो, आमच्या गावात सार्वजनिक विहीर होती आणि ती सार्वजनिक असूनही माझ्या आजोबांची नव्हती, तेव्हा सगळ्यांचं म्हणजे काय हे तू मला शिकवू नकोस. तू उठून पोह्यांवर घालायला खोबरं घेऊन आलास, माझ्या ताटलीत जरा जास्तच घातलंस. तुझं उत्तर असंच असायचं. पुढच्या रविवारी वाद पुन्हा पहिल्यापासून.

मग फ्लॉपीवरची जागा कमी व्हायला लागली.

ते पहिल्यांदा तुझ्याच लक्षात आलं, आणखी कुणाच्या येणार? तुझ्या खणात काही वाढलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि तरी 'स्टॅट' म्हणून जो प्रोग्राम मोकळी जागा सांगतो तो दर वेळी थोडी कमीच सांगत होता. मला वाटलं, फ्लॉपी जुनी आहे. तू म्हणालास, "जुनी फ्लॉपी वाचता येत नाही. ती भरत नाही." त्यानंतर तू माझ्या हातांकडे बघायला लागलास. मी टाइप करायला बसलो की तू खुर्ची जवळ ओढायचास. मी पाणी प्यायला उठून परत आलो की तू मी कुठल्या खणात होतो ते तपासलेलं असायचं. मला ते कळत होतं. पण मला वेगळाच संशय होता. वाटायचं, तुझी आठवण जाते आहे. तूच कुठल्या तरी खणात जाऊन काहीतरी ठेवतोस आणि विसरतोस. मी गुपचूप तुझ्यावर लक्ष ठेवायला लागलो. औषधाच्या गोळ्या बरोबर घेतोस का, तुझ्या मुलाच्या, निखिलच्या, पोराचं नाव बरोबर सांगतोस का. म्हणजे त्या काळात दर रविवारी दोन म्हातारे एका खोलीत बसून एकमेकांवर पाळत ठेवत होते, आणि पोहे गार होत होते.

उन्हाळा लागला होता. तू बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहीत होतास, राजा आणि हत्तीने एकट्या राजाला कसं कोंडायचं त्याचा. सकाळपासून लिहिलेलं तू साठवायला गेलास आणि पडद्यावर आलं की जागा संपली. त्या जुन्या लिहायच्या प्रोग्रामला अशा वेळी काय करावं ते कळत नाही. तुझं सकाळभराचं लिहिलेलं गेलं.

तू वळून न बघताच म्हणालास, "मिल्या, काय काय आणून ठेवलंयस?"

"माझ्या खणात? बघ की."

"तुझ्या खणाचं नाही विचारत. खण सोळा आहेत."

"मग सोळाही बघ. स्टॅटला विचार, कुठल्या खणात वस्ती आहे ते एका दमात सांगेल."

"मला बघायची गरज नाही," तू म्हणालास. "या घरात हे चालवता येणारे दोघंच. मी घेतलं नाही." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "मागितलं असतंस तर दिलं असतं."

वसंता, तू मला आजवर काय काय म्हणालास. आळशी म्हणालास, भोळसट म्हणालास, माझ्या इंग्रजीला चारचौघांत हसलास. त्यातलं काही लागलं नाही. हे लागलं. माझ्या वडिलांनी हे वाक्य गावात ऐकलं होतं, दुसऱ्या आवाजात, दुसऱ्या वस्तूबद्दल. ते मला कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर, मीच आणलेल्या यंत्रासमोर ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. त्या पहिल्या दिवशीच्या 'बरं'चा अर्थ मला तेव्हा लागला असं वाटलं. खरंच तोच अर्थ होता का, हे मी तुला विचारलं नाही. चष्मा खिशात घातला आणि निघालो. वहिनी भाजी घेऊन जिना चढत होत्या. "आज लवकर?" म्हणाल्या. काम आहे, म्हणालो.

त्यानंतर रविवार आले आणि गेले. मी घरातल्यांना सांगितलं की बस फार दूर पडते. दिवाळीला तुझ्याकडून पणतीचं चित्र आलं मोबाइलवर. ते तू सगळ्यांना पाठवलं होतंस की मला, हे ओळखायला मार्ग नव्हता. मी उलट एक चित्र पाठवलं, तेही सगळ्यांना पाठवतात तसलंच. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे तू पाहिलंस. पुढे काही नाही.

तुझा तेरावा झाल्यावर वहिनींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"भावजी, निखिल हे यंत्र कुणाला तरी देऊन टाकणार आहे. संग्रह करणारा कोणी आहे म्हणे. देऊ दे. पण त्याआधी माझं त्यातलं काढून द्या."

"तुमचं?"

"सातव्या खणातलं."

मी उभाच होतो. वहिनी खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला, एका बोटाने 'यूजर' लिहिलं, पुढे सात. मग यादी मागवली. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. शून्यात होतं ते सगळं तिथे होतं. लिहायचा प्रोग्राम, बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा, स्टॅट, फायली जोडायचा, फायली छापायचा, असले प्रोग्रामसुद्धा की ज्यांना आपण दोघांनी कधी हात लावला नव्हता. आणि त्यांच्यामध्ये वहिनींचे स्वतःचे. स्वेटर, टोपी, मोजे. टाक्यांचा हिशेब करणारे. माप दिलं की सुलट किती, उलट किती, काखेपाशी किती टाके कमी करायचे, ते ओळीने छापून देणारे. परदेशात असलेल्या नातवाला दर थंडीत जे स्वेटर जायचे ते इथून जात होते.

"एवढं सगळं इथे कसं आणलंत?"

"तुम्ही दोघं दर रविवारी दुसरं काय बोलत होता? शून्यातला प्रोग्राम मेमरीत घ्यायचा, मग खण बदलायचा आणि तसाच नव्या खणात ठेवायचा. एक तसा आणला की तो बाकीचे ओढून आणतो. भिंतीलासुद्धा पाठ झालं असेल. मला काय लागेल ते कळेना, म्हणून सगळंच आणलं."

"वेगळी फ्लॉपी नाही घेतलीत?"

"कोऱ्या फ्लॉप्या ह्यांच्या कपाटात. कुलपात."

"मग त्याला सांगायचं तरी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर शिकवायला बसले असते."

मला हसू आलं. तू टेकडीवर फिरायला जायचास तेवढ्या वेळात त्या इथे बसत होत्या. तुझा संशय खरा होता. कुणीतरी येत होतं. माणूस तेवढा चुकला. असं मी मनात म्हणतो आहे तोवर वहिनी म्हणाल्या, "पण हे यंत्र मध्येच विचित्र वागायला लागलं. एक जुना नमुना पुसायला गेले तर पुसू देईना. बदलायला गेले तर बदलू देईना. फक्त वाचता येईल म्हणे. मग मी प्रत्येक वेळी नवीन नावाने ठेवायला लागले."

यंत्र असं आपणहून वागत नाही, वसंता. फाइलीवर कुणीतरी तशी खूण करावी लागते, ती चुकून पुसली जाऊ नये म्हणून. मी एकेक फाइल पाहिली. वहिनींच्या त्या वेळच्या सगळ्या नमुन्यांवर ती खूण होती. आणून ठेवलेल्या प्रोग्रामांवर नव्हती. म्हणजे ज्याने केली त्याला त्यातलं वहिनींचं कुठलं ते कळत होतं. त्यांनी केली नव्हती, मी केली नव्हती. या घरात हे चालवता येणारे दोघंच, असं तूच म्हणाला होतास.

मग मी तुझ्या खणात गेलो. तुझा लिहायचा प्रोग्राम तिथे नव्हता. बेसिक नव्हतं. अर्धवट बुद्धिबळ तेवढं होतं, बाकी खण रिकामा. तू स्वतःचं पुसून तिच्यासाठी जागा केलीस का? की त्या सकाळच्या रागाने सगळं पुसून टाकलंस आणि उठलास? तुझ्या बाबतीत दोन्ही शक्य आहे. माझा खण जसाच्या तसा होता. याचा आनंद मानावा की नाही ते ठरेना, कारण तू तो उघडून पाहिला असशील याची मला खात्री आहे.

"वहिनी, हे पुसू न देणं केव्हापासून?"

"आठवत नाही हो. पंखा लावून बसले होते एवढं आठवतं. पण पंखा मी बारा महिने लावते."

यंत्रालाच विचारावं म्हटलं तर आपल्या आवृत्तीत फाइलीवर तारीख नसते. कुणी केलं ते नाही, कधी केलं तेही नाही. तू त्या खुणा मला बोलण्याआधी केल्या असशील, तर तुला सगळं माहीत होतं आणि तरी तू मला ते बोललास. सातव्या खणाचा पडदा उघडू नये म्हणून मला चोर ठरवलंस. नंतर केल्या असशील, तर मी चोर नाही हे तुला कळलं होतं आणि तरी तू फोन केला नाहीस. पणतीचं चित्र पाठवलंस. "मला बघायची गरज नाही" हे तुझं वाक्य मी तेव्हापासून उलटंसुलटं करून पाहतो आहे. माझ्यावर इतका संशय होता म्हणून गरज नव्हती, की आधीच पाहून झालं होतं म्हणून?

मला राग आहे, आणि तो राहील. पण एक गोष्ट मी नाकारू शकत नाही. ज्या माणसाने दूधवाल्याला सोडलं नाही, सचिवाला सोडलं नाही, तो स्वतःच्या बायकोच्या खणात शिरला, सगळं पाहिलं, आणि तिला एका शब्दाने न विचारता तिचे स्वेटर जपून परत आला. शिकवायला बसला नाही. हे तुला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. त्याबद्दल, वसंता, मी तुझा ऋणी आहे. का, ते विचारू नकोस. मला कधीतरी असा मित्र होता असं सांगता येईल म्हणून असेल.

मी प्रिंटर लावला आणि वहिनींचे नमुने छापायला लागलो. प्रिंटरच्या सुयांचा तो करकर आवाज खोलीत भरला. वहिनी कागद फाडून नीट घडी घालत होत्या. मध्येच म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? तुमचं आणि ह्यांचं नक्की कशावरून बिनसलं?"

खरं सांगायचं तर त्यांच्या मांडीवरच्या कागदांकडे बोट दाखवावं लागलं असतं.

"राजकारणावरून," मी म्हणालो. "निवडणुकीचं काहीतरी बोलणं झालं आणि वाढलं."

त्यांनी कागद फाडला, घडी घातली, ढिगावर ठेवला.

"हेही तेच म्हणाले होते."

मी प्रिंटरच्या फितीत काहीतरी अडकलंय असं दाखवत खाली वाकलो.

"मला तेव्हाही पटलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या कागदाची वाट बघत माझ्याकडे बघत राहिल्या.